‘हिट’ लागल्यावर पुढे काय? प्रूम २ आणि युरोपच्या पोलिसांमधली माहितीची देवाणघेवाण

उत्तरायण (धागाकर्ता)

समजा, जर्मनीतल्या आखेनमध्ये घरफोडी झाली. खिडकीच्या फुटक्या काचेवर रक्ताचा थेंब मिळाला. आखेनहून बेल्जियमची हद्द काही मिनिटांवर, नेदरलँड्सचीही तशीच. चोर तिन्हीपैकी कुठल्या देशात राहतो हे रक्तावर लिहिलेलं नसतं. जर्मनीच्या डीएनए संग्रहात जुळणी मिळाली नाही, तर पूर्वी तपास बहुधा तिथेच अडायचा. याच अडचणीतून २७ मे २००५ रोजी जर्मनीतल्या प्रूम या गावी बेल्जियम, जर्मनी, स्पेन, फ्रान्स, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रिया या सात देशांनी करार केला. २००८ साली त्याचा गाभा युरोपीय संघाच्या कायद्यात आला. १३ मार्च २०२४ च्या २०२४/९८२ या नियमाने त्याची दुसरी आवृत्ती आणली, तिलाच प्रूम २ म्हणतात.

माझी बाजू आधीच सांगतो. ही देवाणघेवाण वाढली पाहिजे आणि लवकर वाढली पाहिजे. विरोध करणाऱ्यांनी निदान तिची रचना नीट बघावी.

रचना दोन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीत डीएनएच्या ठरावीक जागांवरचे आकडे आणि एक संदर्भ क्रमांक एवढंच जातं. नाव नाही, पत्ता नाही. समोरच्या देशाचं यंत्र ते आपल्या संग्रहाशी ताडतं आणि ‘हिट’ किंवा ‘नो हिट’ कळवतं. दुसऱ्या पायरीत माणसं येतात. तज्ज्ञ जुळणी तपासतो, मागणारा देश प्रकरणाची थोडक्यात हकीकत आणि गुन्हा कोणता ते कळवतो, आणि मग नाव, जन्मतारीख अशी मूळ माहिती मिळते. पूर्वी ही दुसरी पायरी ज्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलेली होती आणि तिथे कागद पडून राहत. आता तिला ४८ तासांची मुदत आहे. न्यायालयाची परवानगी लागत असेल तरच सवलत.

दुसरा बदल जोडण्यांचा. जुन्या पद्धतीत प्रत्येक देशाला दुसऱ्या प्रत्येक देशाशी वेगळं जोडून घ्यावं लागे. २७ देश म्हणजे ३५१ जोड्या, आणि डीएनएच्या वेगळ्या, बोटांच्या ठशांच्या वेगळ्या. असं जोडून घेण्याची ऑगस्ट २०११ ची मुदत बऱ्याच देशांना पाळता आली नाही यात नवल नाही. प्रूम २ मध्ये मधे एक राउटर असतो आणि प्रत्येक देशाची एकच जोडणी. राउटर म्हणजे संग्रह नव्हे. तो प्रश्न पोचवतो आणि उत्तर आणतो. मूळ नोंदी ज्या त्या देशाकडेच राहतात.

याच्या जोडीला २०२३/९७७ हा निर्देश आहे. एका देशाच्या पोलिसांनी दुसऱ्याकडे माहिती मागितली, प्रकरण तातडीचं असलं आणि माहिती हाताशी असली तर ८ तासांत द्यायची. तातडीचं असून दुसऱ्या खात्याकडून मिळवावी लागत असेल तर ३ दिवसांत. बाकी सगळ्याला ७ दिवस. प्रत्येक देशात चोवीस तास उघडं असलेलं एक संपर्क कार्यालय, आणि संदेशांसाठी युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेची ‘सिएना’ ही सुरक्षित वाहिनी.

उशिराची किंमत काय असते ते उत्तर फ्रान्समधल्या कांब्रेला दिसलं. १४ नोव्हेंबर २०१५, पॅरिसवरच्या हल्ल्यानंतरची सकाळ. हल्लेखोरांपैकी सालाह अब्देसलाम ज्या गाडीत होता ती बेल्जियमकडे जाताना कांब्रेजवळ फ्रेंच जांदार्मांनी (लष्करी धाटणीच्या पोलिसांनी) अडवली, कागद पाहिले, शेंगेन माहिती यंत्रणेत, म्हणजे या देशांच्या पोलिसांच्या सामायिक नोंदवहीत, नाव टाकलं आणि गाडी सोडून दिली. खरी हकीकत पोचली तेव्हा तो पुढे गेला होता. नंतर चार महिने सापडला नाही.

जुना_वाडा

कांब्रेचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही. त्या सकाळी माहिती कमी पडली नव्हती. बेल्जियमने त्याची नोंद शेंगेन यंत्रणेत आधीच केली होती आणि ती जांदार्मांपुढे आलीही. पण नोंद ‘गुप्त तपासणी’ प्रकारची होती आणि कारण साध्या गुन्हेगारीचं होतं, दहशतवादाचं नव्हे. अशा नोंदीवर अटक करायची नसते. माणूस कुठे, कधी, कोणाबरोबर, कुठल्या गाडीत दिसला हे टिपायचं आणि जाऊ द्यायचं. जांदार्मांनी नियमाप्रमाणेच केलं. खोट होती ती नोंद भरणाऱ्या टोकाला. त्या टोकाला कोणता रकाना भरला जातो हे तपासायची सोय राउटर करत नाही, आणि ४८ तासांची मुदतही करत नाही. नंतर २०१८/१८६२ या नियमाने दहशतवादाशी संबंधित नोंदी करण्याची सक्ती कडक केली. तो उपाय बरोबर जागी होता.

‘फक्त आकडे जातात’ या मांडणीतून वाहनंही सुटली. गाडीच्या नंबरला दोन पायऱ्या नाहीत. पूर्ण नंबर किंवा पूर्ण चॅसी नंबर टाकला की ‘युकॅरिस’ या वाहन-नोंदणीच्या जोडणीतून मालकाचा तपशील थेट येतो. आणि प्रूम २ ने भर घातली ती दोन गोष्टींची: चेहऱ्याचे फोटो, आणि ज्या देशांची तयारी असेल त्यांच्यापुरता पोलिसी नोंदींची शोधसूची.

फोटोची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. डीएनएच्या शोधाला निदान ‘जुळलं’ आणि ‘नाही जुळलं’ यांच्यामध्ये नीट रेघ असते. चेहऱ्याच्या शोधातून साम्याप्रमाणे लावलेली उमेदवारांची यादी मिळते, आणि दुकानाच्या छतावरच्या कॅमेऱ्यातल्या धूसर फोटोवरूनही यादी येतेच, कारण यंत्राला सर्वांत जवळचे चेहरे शोधायला सांगितलेलं असतं. त्या यादीतला पहिला माणूस गुन्हेगार असेलच असं नाही, आणि गुन्हेगार त्या यादीत असेलच असंही नाही. नियमात चाळणी आहे ती एवढीच, की गुन्ह्याची कमाल शिक्षा किमान एक वर्षाची हवी. जर्मनीत साध्या चोरीलाही पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. या चाळणीत अडकणार काय?

उत्तरायण

रकान्याची चूक मान्य. पण चुकीचा रकाना भरला गेला म्हणून नोंदच नको, असं तर तुम्ही म्हणत नाही ना? १९ डिसेंबर २०१६ ला बर्लिनच्या नाताळ बाजारात ट्रक घालणारा अनिस अम्री जर्मनीत चौदा वेगवेगळ्या ओळखींनी वावरत होता. हे जमलं, कारण त्या काळात नोंदणी करताना प्रत्येक कार्यालयात बोटांचे ठसे बाकीच्या नोंदींशी ताडले जात नव्हते. नाव बदलता येतं, जन्मतारीख बदलता येते, बोटं बदलता येत नाहीत. तिथे देवाणघेवाण कमी पडली, आणि तीही एकाच देशाच्या दोन कार्यालयांमधली. हल्ल्यानंतर तो नेदरलँड्स, बेल्जियम, फ्रान्स ओलांडून इटलीत पोचला आणि मिलानजवळ सेस्तो सान जोव्हान्नीला नेहमीच्या पोलीस तपासणीत गोळीबारात मेला. एवढ्या सीमा, आणि कुठल्याही यंत्रणेने त्याला अडवलं नाही.

शेंगेन यंत्रणेत ठशांवरून ओळख पटवण्याची सोय २०१८ मध्ये आली. त्याआधी ठसे नोंदीला जोडलेले असत, पण त्यांच्यावरून शोध घेता येत नसे. आधी नाव जुळलं तरच ठसे उघडून बघायचे. १९९५ पासून चाललेल्या यंत्रणेत ही उणीव इतकी वर्षं राहिली.

समई

दोघेही डीएनएबद्दल ‘जुळलं की जुळलं’ अशा थाटात लिहिताय. प्रत्यक्षात तिथेच सगळ्यात जास्त काम आहे, म्हणून थोडं विस्ताराने.

२००८ च्या नियमांनुसार जुळणी धरायला किमान सहा जागा पूर्ण मिळाव्या लागतात. त्या वेळच्या युरोपीय संचात सातच जागा होत्या. २००९ मध्ये संच बारा जागांचा झाला. पण जुन्या संग्रहांत लाखो नोंदी जुन्या तपासणी-किटने केलेल्या आहेत, आणि वेगवेगळ्या देशांचे किट वेगळे. जर्मनीच्या नोंदीत दहा जागा असतील, दुसऱ्या देशाच्या नोंदीतही दहा असतील, तरी दोन्हींत समान असलेल्या सहाच निघू शकतात. यंत्र त्या सहांवर ‘हिट’ देतं.

आता हिशेब करू. आकडे केवळ समजण्यापुरते. सहा जागांवर दोन अनोळखी माणसं योगायोगाने सारखी निघण्याची शक्यता दहा लाखांत एक धरा. वीस लाख नोंदींच्या संग्रहात एक नमुना टाकला, तर खरा माणूस तिथे नसतानाही सरासरी दोन ‘हिट’ येतील. असे वीस संग्रह एकाच वेळी शोधले तर चाळीस. संग्रह जेवढा मोठा तेवढ्या योगायोगाच्या जुळण्या जास्त, आणि राउटरमुळे नेमकं हेच होणार: एका बटणावर सगळे देश. बारा जागा असतील तर शक्यता इतकी घटते की हा प्रश्न जवळपास मिटतो. म्हणून राउटर आधी की जुन्या नमुन्यांची फेरतपासणी आधी, या प्रश्नावर माझं उत्तर फेरतपासणी हे आहे.

चांगली प्रयोगशाळा सहा-सात जागांचा हिट आला की नाव मागत नाही. आधी आपल्याकडचा मूळ नमुना शिल्लक असेल तर नव्या, सोळा-सतरा जागांच्या किटने पुन्हा करते. समोरच्या देशालाही तेच करायला सांगते. मग पुन्हा ताडते. अडचण अशी, की कायद्याने काही देशांत तपासणीनंतर माणसाकडून घेतलेला नमुना नष्ट करावा लागतो, फक्त आकडे ठेवता येतात. तो नियम लोकांच्या हिताचाच आहे, पण मग पुन्हा तपासायला काही उरत नाही आणि सहा जागांच्या जुळणीवरच गाडं अडतं.

मिश्र नमुन्यांबद्दलही नेहमी गोंधळ होतो. दाराच्या मुठीवर तीन माणसांच्या पेशी मिळाल्या, तर तो मिश्र नमुना प्रूममध्ये टाकता येत नाही. एका जागेवर जास्तीत जास्त दोन आकडे, हा नियम आहे. म्हणून विश्लेषक त्या मिश्रणातून एका माणसाचे आकडे वेगळे काढतो आणि ते पाठवतो. हे वेगळं काढणं हा त्याचा निष्कर्ष असतो. समोरच्या देशाच्या पडद्यावर मात्र तो स्वच्छ, एकाच माणसाचा नमुना म्हणून दिसतो. तपासणी यंत्राने काढलेला मूळ आलेख मागवल्याशिवाय ते कळत नाही. दुसऱ्या पायरीत नाव मागण्याआधी आलेख मागवा, एवढी एक सवय लागली तरी पुष्कळ होईल.

ठशांचं वेगळंच. जुन्या पद्धतीत प्रत्येक देश दिवसाला किती ठसे शोधून देईल याची कमाल संख्या जाहीर करत असे. म्हणून तपास अधिकारी ठसा सगळीकडे न पाठवता अंदाजाने दोन-तीन देश निवडत. निवड चुकली की ‘नो हिट’, आणि फाइलवर ‘युरोपात शोध घेतला’ असा शेरा. इथे उत्तरायण यांचा मुद्दा बरोबर आहे, राउटरने ही अंदाजपंची थांबेल.

रानवारा

समई यांनी प्रयोगशाळेची बाजू मांडली, मी न्यायालयाची मांडतो. पोलिसांना मिळालेली माहिती आणि न्यायालयात चालणारा पुरावा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. २०२३/९७७ च्या निर्देशाखाली आठ तासांत आलेला संदेश तपासाला दिशा देतो. तो पुरावा म्हणून वापरायचा तर ज्या देशाने दिला त्याची संमती लागते. युरोपोलच्या संदेशांवर यासाठी खुणा असतात: एच-१ म्हणजे परवानगीशिवाय पुरावा म्हणून वापरू नका, एच-२ म्हणजे परवानगीशिवाय पुढे देऊ नका. शिवाय प्रत्येक माहितीला स्रोताचा दर्जा अक्षराने आणि मजकुराचा दर्जा आकड्याने दिलेला असतो. ए-१ म्हणजे स्रोत शंकेपलीकडचा आणि मजकूरही खात्रीचा. एक्स-४ म्हणजे स्रोताचा भरवसा ठरवता येत नाही आणि मजकुराला दुजोरा नाही.

घोटाळा होतो तो असा. एक्स-४ दर्जाचा, एच-१ खुणेचा संदेश एका देशातून निघतो. दुसऱ्या देशातला अधिकारी त्याचा सारांश आपल्या भाषेत अहवालात लिहितो, आणि खूण व दर्जा दोन्ही गळून पडतात. सहा महिन्यांनी तो अहवाल झडतीच्या परवान्यासाठी न्यायाधीशापुढे जातो, तेव्हा ‘विश्वसनीय माहितीनुसार’ एवढेच शब्द उरलेले असतात. आरोपीच्या वकिलाला मूळ संदेश कधी दिसतच नाही.

पुरावा रीतसर हवा असेल तर युरोपीय तपास आदेश आहे, म्हणजे एका देशाने दुसऱ्याकडून पुरावा मिळवण्यासाठी काढलेला आदेश. मान्यतेचा निर्णय ३० दिवसांत, अंमल त्यानंतर ९० दिवसांत. तपास अधिकाऱ्यांना हे संथ वाटतं म्हणून पोलिसी वाहिनीचा मोह होतो. हा मोह हेच माझ्या विरोधाचं कारण आहे. संदेश आठ तासांत आणि आदेश चार महिन्यांत असेल, तर लोक आठ तासांच्या वाटेनेच सगळं करू बघणार.

उत्तरायण

चार महिने थांबणं परवडत नाही अशी प्रकरणं असतात. एन्क्रोचॅट घ्या, गुन्हेगारांत चालणारी कूटबद्ध फोनची सेवा. तिचा सर्व्हर फ्रान्समध्ये रूबेला होता. २०२० च्या वसंतात फ्रेंच जांदार्मरीने त्यात शिरकाव केला आणि युरोपोलमार्फत माहिती ज्या त्या देशाला रोजच्या रोज गेली. जून २०२३ मध्ये युरोपोलने दिलेले आकडे असे: ६० हजारांहून जास्त वापरकर्ते, ११.५ कोटींहून जास्त संभाषणं, ६,५५८ अटका, आणि जप्त केलेली किंवा गोठवलेली रक्कम ९० कोटी युरोंच्या घरात. त्या संभाषणांत ठरवलेल्या खुनांचे बेत होते. तो मजकूर ताबडतोब त्या देशाला दिला नसता तर माणसं मेली असती. हे काम कुठल्या आदेशाच्या ९० दिवसांत बसवायचं?

रानवारा

जीव वाचवण्यासाठी तातडीने कळवणं आणि त्याच मजकुरावर दोन वर्षांनी शिक्षा मागणं, या दोन गोष्टींत फरक करा. पहिल्याला माझा विरोध नाही.

दुसऱ्याबद्दल युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३० एप्रिल २०२४ ला (एन्क्रोचॅटचंच प्रकरण, सी-६७०/२२) जे सांगितलं त्याचे दोन्ही भाग वाचायला हवेत. पहिला भाग पोलिसांच्या बाजूचा: दुसऱ्या देशाकडे आधीच असलेला पुरावा मागणारा आदेश सरकारी वकील काढू शकतो, न्यायाधीशच हवा असं नाही, जर देशांतर्गत तशाच प्रकरणात तो हे करू शकत असेल. दुसरा भाग आरोपीच्या बाजूचा: एका देशाने दुसऱ्याच्या हद्दीतल्या फोनवर पाळत ठेवली तर त्या देशाला कळवायलाच हवं, आणि हे संरक्षण त्या वापरकर्त्यासाठीही आहे. आणि ज्या पुराव्यावर आरोपीला परिणामकारकपणे म्हणणं मांडता येत नाही, आणि जो निकालावर मोठा प्रभाव टाकू शकतो, तो फौजदारी न्यायालयाने वगळायचा.

शिरकाव नेमका कसा केला हे फ्रान्सने लष्करी गुपित म्हणून उघड केलं नाही. मग हा संदेश याच फोनवरून, याच वेळी, पूर्ण स्वरूपात आला की मधले काही गळले, हे आरोपीच्या तज्ज्ञाने तपासायचं कशावरून?

जुना_वाडा

आणि ज्यांचा गुन्ह्याशी संबंधच नाही अशांचं काय? देश जप्त केलेल्या फोनची, संगणकांची सबंध नक्कल हेगला युरोपोलकडे पाठवतात. फोनमध्ये आई असते, डॉक्टर असतो, मुलाच्या शाळेचा गट असतो. युरोपोलच्या कायद्यात कोणाची माहिती ठेवता येते याचे वर्ग ठरलेले आहेत: संशयित, दोषी, त्यांचे संपर्क, साक्षीदार, बळी, खबरे. प्रत्येक नोंद कोणत्या वर्गात बसते हे ठरवल्याशिवाय ठेवणं कायद्याबाहेरचं. युरोपीय डेटा संरक्षण पर्यवेक्षकांनी २०२० मध्ये यावर ताकीद दिली आणि ३ जानेवारी २०२२ ला आदेश काढला: सहा महिन्यांत वर्ग ठरवा, नाहीतर पुसा. आधीच्या साठ्यासाठी बारा महिने.

त्याच वर्षी जूनमध्ये २०२२/९९१ हा दुरुस्ती नियम आला. वर्ग ठरवायला अठरा महिने, वाढवून तीन वर्षं, आणि जुन्या साठ्यालाही मागे जाऊन मोकळीक. पर्यवेक्षक न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांची याचिका दाखल करून घेण्याजोगीच नाही असं ठरलं, म्हणजे मुद्द्याचा विचारच झाला नाही. देखरेख करणारा म्हणतो पुसा, आणि पाच महिन्यांत कायदाच बदलतो. ‘देखरेख आहे ना’ असं मला कोणी सांगितलं की मी हे प्रकरण पुढे ठेवतो.

उत्तरायण

यात एवढंच म्हणेन, की सहा महिन्यांची मुदत कामाच्या आकाराशी जुळणारी नव्हती. कोट्यवधी संदेश, अनेक भाषा, टोपणनावं. वर्ग ठरवण्यासाठी आधी तो माणूस कोण हे कळावं लागतं, आणि ते कळायला दुसऱ्या देशाच्या नोंदींशी ताडावं लागतं. पण मागे जाऊन मोकळीक द्यायला नको होती. ते मलाही पटलेलं नाही.

कावेरी_काठ

चर्चा युरोपीय नागरिकांभोवती फिरते आहे, पण आपल्याकडून शिकायला, नोकरीला, फिरायला जाणाऱ्यांचा यात थेट संबंध आहे. शेंगेन व्हिसासाठी दिलेले दहा बोटांचे ठसे आणि फोटो व्हिसा माहिती यंत्रणेत जातात, साधारण पाच वर्षं राहतात, आणि दहशतवाद व गंभीर गुन्ह्यांच्या तपासात पोलिसांना अटींसह तिथे शोध घेता येतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या प्रवेश-निर्गमन यंत्रणेत आपला चेहरा आणि ये-जा यांची नोंद होते. व्हिसावाल्यांचे ठसे तिथे पुन्हा साठवत नाहीत, कारण ते व्हिसाच्या नोंदीत असतात.

पुढची पायरी म्हणजे २०१९ च्या नियमांतला बहुओळख शोधक. वेगवेगळ्या यंत्रणांमधल्या नोंदी तो जोडतो आणि जोडाला रंग देतो. पिवळा म्हणजे माणसाने तपासायचं बाकी आहे. पांढरा म्हणजे एकच व्यक्ती आणि नावातला फरक रास्त. हिरवा म्हणजे सारख्या तपशिलाची दोन वेगळी माणसं. लाल म्हणजे एकाच व्यक्तीने गैरवाजवी रीतीने दोन ओळखी वापरल्या.

आपल्या नावांची गंमत लक्षात घ्या. लग्नाआधी माहेरच्या नावाने व्हिसा, लग्नानंतर सासरच्या नावाने. मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं. ठसे तेच, नाव पूर्ण वेगळं: पिवळा जोड ठरलेला. कुठे आडनावाचा रकाना रिकामा आणि सगळं नाव एकाच रकान्यात, कुठे जुन्या पासपोर्टवर वेगळं स्पेलिंग. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला मराठी नावांची रीत माहीत असण्याचं कारण नाही. म्हणून नवा व्हिसा मागताना जुन्या पासपोर्टची प्रत आणि विवाह प्रमाणपत्र जोडावं, आणि अर्जात जन्मनावाचा रकाना असतो तो रिकामा सोडू नये. तो रकाना भरलेला असला की जोड पांढरा ठरवायला आधार मिळतो.

शेंगेन यंत्रणेत आपल्या नावावर काही आहे का हे कोणत्याही सदस्य देशाकडे विचारता येतं. अर्ज लेखी, सोबत पासपोर्टची प्रत, आणि आजवर वापरलेली सगळी नावं व स्पेलिंगं. नोंद दुसऱ्या देशाची असेल तर उत्तर देणाऱ्या देशाला आधी त्या देशाला विचारावं लागतं, त्यात वेळ जातो. गुप्त तपासणीची नोंद असेल तर ती बहुधा सांगत नाहीत, पण नकाराविरुद्ध त्या देशाच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे आणि न्यायालयात जाता येतं. मार्च २०२४ मध्ये सीबीआय आणि युरोपोल यांच्यात कामकाजाचा समझोता झाला आहे. अशा समझोत्याने एकमेकांकडे वैयक्तिक माहिती पाठवायला आपोआप कायदेशीर आधार मिळत नाही. हा फरक बातम्यांत बहुतेक वेळा सुटतो.

समई

कावेरी_काठ यांचा मुद्दा एका जुन्या प्रकरणाशी जोडतो, कारण जुळणी तपासणाऱ्या माणसाचं काय चुकतं ते त्यात दिसतं. ११ मार्च २००४ ला माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत स्फोट झाले. डिटोनेटरच्या पिशवीवरचा ठसा स्पॅनिश पोलिसांनी इंटरपोलमार्फत पाठवला. अमेरिकेच्या यंत्राने वीस उमेदवार दिले. एफबीआयच्या तज्ज्ञाने ओरेगॉनमधल्या एका वकिलाचा ठसा निवडला, आणखी दोघांनी त्याला दुजोरा दिला. १३ एप्रिलला स्पेनने कळवलं की आमच्या मते जुळत नाही. तरी ६ मे रोजी अटक झाली. १९ मे रोजी स्पेनने तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं कळवलं, तेव्हा वकील सुटला.

दुजोरा देणाऱ्यांना पहिल्याचा निष्कर्ष माहीत होता. संग्रह मोठा असला की खूप सारखे पण वेगळ्या माणसांचे ठसे सापडण्याची शक्यता वाढते, नेमकं सहा जागांच्या डीएनएसारखंच. त्यामुळे प्रूम २ मध्ये मला एकच गोष्ट सक्तीची हवी आहे: दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचं मत न सांगता ठसा किंवा फोटो द्यायचा, आणि दोघांचे लेखी निष्कर्ष जुळल्यावरच नाव मागायचं. ४८ तासांचं घड्याळ जुळणी पक्की झाल्यावर सुरू होतं, त्यामुळे यासाठी वेळ नाही ही सबब चालणार नाही.

उत्तरायण

हे मान्य, बिनशर्त. सहा-सात जागांच्या हिटवर फेरतपासणीशिवाय नाव नाही, हेही मान्य. चेहऱ्यासाठी एक वर्षाची अट वाढवून तीन वर्षं करावी का, यावर माझं मत अजून ठरलेलं नाही. लहान मुलांचे फोटो मिळवण्यासाठी ऑनलाइन गाठणाऱ्यांची काही कलमं कमी शिक्षेची आहेत. ती सुटायला नकोत.

रानवारा

मग एक राहिलेली गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत कच्ची वाटते. माणूस निर्दोष सुटला की काय होतं?

पहिल्या पायरीत काही अडचण नाही. शोध ज्या त्या देशाच्या चालू संग्रहात होतो, तिथून नोंद पुसली की पुढच्या शोधात ती येत नाही. दोषी न ठरलेल्यांचा डीएनए बेमुदत ठेवणं हक्कभंग आहे, असं युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ४ डिसेंबर २००८ ला ब्रिटनविरुद्धच्या प्रकरणात सांगितलेलंच आहे. प्रश्न दुसऱ्या पायरीचा. हिटनंतर नाव सिएनाच्या संदेशात गेलेलं असतं. तो संदेश तीन देशांच्या फाइलींत आणि युरोपोलच्या विश्लेषणात उतरलेला असतो. २०१६/६८० चा निर्देश सांगतो की चुकीची किंवा बेकायदा दिलेली माहिती ज्यांना दिली त्यांना लगेच कळवा, आणि त्यांनी ती दुरुस्त करावी किंवा पुसावी. कायदा आहे. पण निकाल देणाऱ्या न्यायालयाला मुळात माहीतच नसतं की हे नाव कुठल्या देशांत गेलं. निकाल लागतो, फाइल बंद होते, आणि संपर्क कार्यालयाला कोणी काही कळवत नाही. पुढच्या वर्षी त्या माणसाला दुसऱ्या देशात थांबवतात तेव्हा पडद्यावर ‘संशयित’ असतं.

जुना_वाडा

यावर तुमच्या मते काय करता येईल? नुसता हक्क लिहून भागत नाही हे तर दिसतंच.

रानवारा

साधी गोष्ट. सिएनाच्या प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो. नाव ज्या संदेशाने बाहेर गेलं त्याचा क्रमांक आणि घेणाऱ्या देशांची यादी फौजदारी फाइलच्या पहिल्या पानावर लिहायची, आरोपपत्रासोबत ती न्यायालयात जाऊ द्यायची. निकाल लागला की न्यायालयाच्या लिपिकाने त्या क्रमांकासह एक ओळ आपल्या देशाच्या संपर्क कार्यालयाला पाठवायची: दोषी, निर्दोष, किंवा खटला मागे. कार्यालयाने तीच ओळ सिएनावरून पुढे ढकलायची. नवं यंत्र लागत नाही, राउटरची वाट पाहावी लागत नाही.

उत्तरायण

आणि ‘आम्ही पुसलं’ असं उलट उत्तर यायला मुदत हवी. माहिती द्यायला सात दिवस आहेत, तर पुसल्याचं कळवायलाही सातच ठेवा.